मुठेच्या काठावरचे सत्तेचाळीस रविवार

५ नोव्हेंबर २०२३ ते २७ ऑक्टोबर २०२४. एकूण बावन्न रविवार, आणि त्यातले सत्तेचाळीस रविवार मी आणि शेजारच्या काकू पहाटे पुण्यातल्या मुठा नदीच्या काठावर होतो. सिंहगड रस्त्याच्या बाजूचा जेमतेम दीड किलोमीटरचा पट्टा. दर रविवारी तीच वाट, तिथंच सुरुवात, तिथंच शेवट, आणि दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याची मोजून नोंद. या नोंदी ई-बर्डवर, म्हणजे जगभरचे लोक पक्ष्यांच्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर आणि ॲपवर, चढवायच्या आणि वर्षभरात हा काठ तिथं हॉटस्पॉट, म्हणजे कुणालाही नोंदी करता येतील अशी नकाशावरची सार्वजनिक जागा, म्हणून लावून घ्यायचा, असं ठरवलं होतं. ते झालं. पण वाटेत बरंच अडलं, बरंच चुकलं, आणि अडल्यावर मराठीत वाचायला फारसं काही मिळेना. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

डोक्यात हे आलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाला होता. ९४२ जातींचा आढावा, आणि त्यामागं सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या तीन कोटींहून जास्त नोंदी. मी तो आकडा दोनदा वाचला. तीस हजार शास्त्रज्ञ तर देशात या विषयाचे नसणार. म्हणजे बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी माणसंच सकाळी उठून हे करत होती. मी पंधरा वर्षं याच नदीवरच्या पुलावरून ऑफिसला जाते. पूल आला की वासामुळं खिडकी बंद करायची, एवढाच माझा आणि नदीचा संबंध होता. ई-बर्डचा नकाशा उघडून पाहिला तर आजूबाजूला हॉटस्पॉटच्या खुणा होत्या, आमच्या पट्ट्यावर मात्र काही नाही.

सुरुवातीला मुहूर्त हवा होता, तो पक्षी सप्ताहाचा धरला. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारखेला नेमका रविवार होता.

एकटीनं त्या काठावर जायचं धाडस होईना. झाडीमागं कोण बसलेलं असेल याचा नेम नसतो, मोकाट कुत्री असतात. मागच्या इमारतीतल्या काकू रोज सकाळी फिरायला जातात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला चिमणी-कावळ्यापलीकडं काही कळत नाही. पण येते. तुझ्या सोबतीला कुणीतरी हवंच." बायकांना माझं पहिलं सांगणं हेच आहे की सोबत असू द्या. सोबतीला पक्ष्यांची माहिती असायची गरज नाही.

पहिल्या दिवशी सहा पन्नासला निघालो. ऑफिसातल्या एकाची दुर्बीण मागून आणली होती, दहा गुणिले पन्नासची. ती इतकी जड होती की दोन मिनिटांत हात थरथरायला लागायचे आणि बगळाही थरथरताना दिसायचा. सव्वा तासात अकरा जाती ओळखता आल्या: घार, कावळा, साळुंकी, टिटवी, वंचक, गाय बगळा, लहान बगळा, खंड्या, छोटा पाणकावळा, पारवा आणि शेकाट्या. चार पक्षी दिसले पण ओळखता आले नाहीत. घरी येऊन नोंद चढवायला बसले आणि पहिल्याच प्रश्नावर अडखळले.

नोंद पाठवताना ई-बर्ड एक प्रश्न विचारतं: ओळखू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? मी 'नाही' म्हटलं. चार पक्षी ओळखूच आले नव्हते, मग पूर्ण कशी म्हणायची? सलग सहा रविवार मी हेच उत्तर देत राहिले. डिसेंबरात मदतीची पानं नीट वाचली तेव्हा कळलं की प्रश्न वेगळाच आहे. तुम्हाला जे ओळखता आलं ते सगळं लिहिलंत, की फक्त आवडीचं, विशेष वाटलेलं तेवढंच लिहिलंत, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. नवशिक्याची अकरा जातींची यादीही पूर्ण असते, जर त्यातून कावळे-पारवे मुद्दाम गाळले नसतील तर. पूर्ण यादीचा उपयोग असा की तिच्यात एखादा पक्षी नसेल तर त्या नसण्यालाही अर्थ येतो. मागच्या सहाही याद्या उघडून उत्तर बदललं. तसं नंतर करता येतं, घाबरायचं कारण नाही.

दुसरा रविवार १२ नोव्हेंबर. सलीम अलींचा जन्मदिवस, आणि त्या वर्षी नरकचतुर्दशी व लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी. अभ्यंगस्नान उरकून, डोक्याला तेल तसंच असताना, काठावर पोचलो. पहाटेपासून फटाके चालू होते. नदीवर धुराचा थर आणि पाण्यावर जवळपास कुणी नाही. पंचावन्न मिनिटांत सहा जाती. मला ती यादी टाकावीशी वाटेना. काकू म्हणाल्या, "नाही दिसले तेही लिही की. मी हिशेबाच्या वहीत शून्य लिहीत होते तेव्हा सासूबाई म्हणायच्या, शून्य लिहिलं म्हणजे त्या दिवशी वही उघडली होती हे तरी कळतं." टाकली. आज ती यादी शेजारच्या रविवारांच्या मध्ये बघते तेव्हा फटाक्यांचा दिवस आपोआप दिसतो.

काम वाटून घ्यायची पद्धत दोन-तीन आठवड्यांत बसली. ओळखायचं मी, मोजायचं काकूंनी. त्यांचे डोळे पक्ष्याचे बारकावे टिपण्याइतके चांगले नाहीत, पण आकड्यात त्या चुकत नाहीत. मोठा थवा असला की आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा डोळ्यांत किती जागा व्यापतात ते धरायचं, आणि तेवढे-तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचं. ई-बर्डवर आकड्याऐवजी नुसती फुलीही टाकता येते, पक्षी होता पण मोजला नाही अशा अर्थानं. सुरुवातीला मी सर्रास फुल्या टाकायचे. नंतर लक्षात आलं की फुलीवरून वाढ-घट काहीच कळत नाही. अंदाजे 'चाळीस' लिहिलेलं फुलीपेक्षा कधीही बरं.

अंतराचाही घोळ होता. दीड किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, तर ॲप चालण्याचा माग धरून तीन किलोमीटर लिहितं. त्याच वाटेनं परतलात तर अंतर एकदाच धरायचं असतं, म्हणजे दीड. हे हातानं बदलावं लागतं. चालणं पाच-सहाशे मीटरचं असो नाहीतर दोन किलोमीटरचं, पहिल्या दिवशीच ही सवय लावून घ्या.

दुर्बीण डिसेंबरच्या पगारावर घेतली. आठ गुणिले बेचाळीस, सात हजार आठशे रुपये. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठनं भागलं की साधारण सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटर व्यासाचा उजेड डोळ्यापर्यंत येतो. पहाटेच्या मंद उजेडात हा सव्वापाचचा आकडा फार कामी येतो. दुकानात मला तीसपटीची, झूम होणारी दुर्बीण स्वस्तात दाखवत होते. हातात धरून बाहेरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला गेले, तर वाचता येईनात, इतकी हलत होती. तुम्हीही दुकानाबाहेर जाऊन, लांबच्या पाटीवर बघूनच घ्या. आणि भिंगावर धूळ बसली तर आधी फुंकरीनं किंवा ब्लोअरनं उडवा. ओढणीनं पुसली तर चरे पडतात.

उजेडाच्या बाबतीत आमचं नशीब चांगलं होतं. आमचा काठ नदीच्या पूर्वेकडचा, त्यामुळं सकाळचं ऊन पाठीशी आणि पक्षी उजेडात. पलीकडच्या काठावरून तेच पक्षी काळ्या सावल्या होतात. तुमची जागा निवडताना हे बघाच.

आता तुतारी नावाच्या पक्ष्याची गोष्ट. हिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण वर्षभरात सगळ्यात जास्त मी तिच्याकडून शिकले.

हिवाळ्यात चिखलाच्या कडेनं पळणारे, चोचीनं टोचत जाणारे भुरे पक्षी दिसतात. साधी तुतारी, हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी. साधी लवकर ओळखता येते. सारखी शेपटी खालीवर हलवते, आणि छातीचा पांढरा रंग खांद्यापाशी वर घुसलेला दिसतो. पण बाकीच्या दोघींनी मला दोन महिने छळलं. २१ जानेवारीला नाल्याच्या तोंडाशी चिखलात चौदा जणी होत्या. मी 'हिरवी तुतारी, १४' असं लिहिलं. पाठवताना ॲपनं आकड्यापाशी खूण केली आणि तपशील मागितला. मी 'नीट दिसल्या' एवढंच लिहून मोकळी झाले.

ती खूण का येते ते सांगते. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी, कुठली जात किती संख्येनं दिसणं नेहमीचं आहे, याच्या मर्यादा तिथं लावलेल्या असतात. मर्यादेबाहेरची नोंद एखाद्या स्वयंसेवक परीक्षकाकडं जाते. ही माणसं आपापली कामं सांभाळून हे विनामूल्य करतात, म्हणून उत्तराला वेळ लागतो. मला एकवीस दिवसांनी, ११ फेब्रुवारीला ईमेल आला. दोन-तीन ओळींचा, अगदी सभ्य. हिरवी तुतारी सहसा एकटी-दुकटी असते, एकत्र चौदा असणं वेगळं आहे, फोटो किंवा वर्णन आहे का?

पोटात गोळा आला. वाटलं, आपलं खोटं पकडलं गेलं. दिवसभर ईमेलला हात लावला नाही. दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेला एक धूसर फोटो रात्री सापडला. तो मोठा करून पुस्तकासमोर धरला. माझ्या पक्ष्याची पांढरी भुवई डोळ्याच्या मागं बरीच लांबवर गेलेली होती. हिरव्या तुतारीची भुवई डोळ्याच्या पुढंच संपते. माझ्या पक्ष्याची पाठ ठळक ठिपक्यांची होती, पाय पिवळसर. हिरवीची पाठ काळपट, ठिपके बारीक, पाय हिरवट, आणि ती उडाली की काळ्या पंखांमध्ये पांढरं बूड लख्ख चमकतं. फोटोतल्या सगळ्या ठिपकेवाल्या होत्या. ठिपकेवाल्या तुताऱ्या थव्यानं राहतात, म्हणून चौदा. आकडा बरोबर होता, नाव चुकलं होतं.

मी जात बदलली आणि परीक्षकांना लिहिलं की चूक माझी, दुरुस्त केली आहे. दुसऱ्या दिवशी आभाराचं उत्तर आलं. एवढंच. नोंद पुसली गेली नाही, खात्यावर काही डाग लागला नाही. असा ईमेल आला तर लगेच उघडा आणि जे दिसलं तेच लिहा. 'नीट दिसल्या' हे वर्णन नव्हे. भुवई कुठपर्यंत, पाय कुठल्या रंगाचे, उडताना काय दिसलं, आवाज कसा, हे वर्णन. त्यानंतर मी वहीत प्रत्येक शंकेच्या पक्ष्यापुढं या चार गोष्टी लिहायला लागले, आणि खरं सांगायचं तर पक्षी बघायलाही तेव्हाच लागले.

फेब्रुवारीत १६ ते १९ या चार दिवसांत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे जगभर एकाच वेळी होणारी पक्षीगणना, होता. त्यात किमान पंधरा मिनिटांची यादी लागते. ऑफिसच्या दिवशीही सकाळी पंधरा मिनिटं काढता येतात, हे त्यामुळं कळलं. ज्यांना सव्वा तासाची धास्ती वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी. तुतारीचा हिशेब पक्का करायला २४ तारखेच्या शनिवारी आम्ही कवडीपाटला गेलो. सोलापूर रस्त्यानं हडपसरच्या पुढं, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. तिथं पाण्यावर फेसाचे गोळे तरंगत असतात आणि त्याच पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या. दोन्ही तुताऱ्या एकाच चिखलात, तीस-चाळीस फुटांवर बघायला मिळाल्या. काकूंनी हिरवीचं पांढरं बूड माझ्या आधी बघितलं. "ती बघ, ती बघ, परकर फडकवून गेली!"

मार्च ते मे नदी आटते. आमच्या पट्ट्यात तर खडकांमधून वाहणारं सांडपाणीच उरतं. नाकाला रुमाल बांधून जावं लागायचं. आणि नेमके त्याच दिवसांत शेकाटे वाढले, ७ एप्रिलला काकूंनी दोनशे बारा मोजले. लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा तो डौलदार पक्षी दोनशेच्या संख्येनं उभा असला की नदी छान दिसते, आणि फोटो बघून ओळखीच्यांनी मला विचारलंही, नदी सुधारली वाटतं? तसं नाही. सांडपाण्याच्या गाळात डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या खूप वाढतात, त्यांना फार कमी प्राणवायू पुरतो. शेकाट्याला ते ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. त्याच महिन्यात मासे पकडणाऱ्या नदी सुरयची माझ्या याद्यांमध्ये एकही नोंद नाही, आणि कवड्या खंड्या महिन्याभरात एकदाच दिसला. पक्षी किती, याच्याबरोबर कुठले, हे बघितल्याशिवाय नदीबद्दल काही बोलू नये असं मला आता ठामपणे वाटतं.

एप्रिलात एका सकाळी टिटवीनं डोक्यावर घिरट्या घालून आमचा पाठलाग सुरू केला. काठावर कुणीतरी रात्रीतून ट्रकनं टाकलेल्या राडारोड्याचा ढीग होता. काकू थांबल्या, "पाय उचलू नकोस, आधी खाली बघ." माझ्या बुटापासून दोन हातांवर, विटांचे तुकडे आणि खडीच्या मध्ये, चार अंडी. मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आतल्या बाजूला. गवत नाही, काड्या नाहीत, नुसते बाजूला सारलेले खडे. नजर हलली की अंडी पुन्हा सापडेनात. फोटो काढायचा मोह झाला होता. टिटवी उन्हात अंड्यांवर बसते ती नुसती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायलाही, त्यामुळं आपण जेवढा वेळ तिथं उभे राहू तेवढा वेळ अंडी भाजतात. आल्या पावली मागं फिरलो आणि पुढचे पाच रविवार तो ढीग लांबून टाळून गेलो. घरट्याची जागा सार्वजनिक टिपणात नेमकी लिहू नका, ही माझी विनंती आहे. १९ मे रोजी ढिगाच्या खालच्या अंगाला काडीसारख्या पायांची दोन पिल्लं पळताना दिसली. काकूंनी वहीत स्वतःच्या हातानं '२' लिहिलं.

हॉटस्पॉटची पहिली खटपट याच एप्रिलातली. ई-बर्डवर तुम्ही नोंद करता ती जागा आधी तुमची खासगी जागा असते. ती सगळ्यांसाठी खुली व्हावी असं वाटलं तर 'हॉटस्पॉट म्हणून सुचवा' असा पर्याय असतो, आणि तीही सूचना स्वयंसेवकच तपासतात. मी सुचवलं. दोन महिने झाले, काही हललं नाही. जूनमध्ये माझ्या जागांची यादी उघडली तेव्हा कारण कळलं असं वाटतं. दर रविवारी मी जागा न निवडता ॲपला आपोआप निवडू दिली होती, आणि त्यानं कितीतरी वेळा नवी खूण तयार केली होती. एकाच काठावर माझ्या अकरा खुणा, आणि मी सुचवलेल्या खुणेवर फक्त तीन याद्या. नावही मी 'आमची नदी' असं दिलेलं. परक्या माणसाला त्यावरून काय कळणार?

एक अख्खी संध्याकाळ बसून अकरा खुणा एकात मिसळल्या. हे संगणकावरच करा, एकेक खूण उघडून मुख्य खुणेत मिसळावी लागते, आणि एकदा मिसळली की परत सुटी होत नाही. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी जागा ठरवून, तिला नदी, भाग आणि शहर कळेल असं नाव देऊन, दर वेळी तीच निवडलीत तर ही संध्याकाळ वाचेल.

जूनच्या दुसऱ्या रविवारी चातकाचा आवाज आला, आणि त्यानंतर महिनाभर पावसाच्या सरींमधून धावत केलेल्या याद्या. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुर्बीण रेनकोटाच्या आत.

मग २५ जुलै. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पहाटे सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी ही वस्ती पाण्यात गेली. आमच्या ओळखीतल्या दोघांच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. २८ तारखेला पक्ष्यांचा विचारही मनात नव्हता. काकू आणि मी दिवसभर त्यांच्याकडं चिखल काढत होतो. ४ ऑगस्टला पुन्हा पाणी सोडलेलं, काठ बंद. चुकलेल्या पाच रविवारांपैकी दोन हे. दोन माझ्या तापाचे, एक गावाकडच्या लग्नाचा.

११ ऑगस्टला गेलो तेव्हा काठ ओळखू येईना. पायवाट वाहून गेली होती. जलपर्णी एकही नाही. पाणकणसाचं बेट मुळासकट गेलेलं. बाभळीच्या शेंड्यांवर, माझ्या डोक्याच्याही वर, प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि एक शाळेचं दप्तर अडकलं होतं. आम्ही दोघी काही न बोलता उभ्या होतो. पुलाखालची तारवाल्या भिंगऱ्यांची मातीची घरटी वर असल्यानं वाचली होती. राडारोड्याचा ढीग गेला होता आणि त्या जागी ताज्या गाळाची जीभ नदीत शिरली होती. तिच्या टोकाला एकच पक्षी, शेपटी खालीवर करत. साधी तुतारी. या हंगामातली पहिली. हिवाळी पाहुणी आपण थंडीत येते असं समजतो, ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पुराच्या गाळावर आली होती. काकू म्हणाल्या, "हिला कुणी सांगितलं इथं काय झालं ते?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सप्टेंबरात करडा धोबी आला. विसर्जनानंतरच्या रविवारी, २२ तारखेला, निर्माल्याच्या पिशव्यांमधून उड्या मारत किडे टिपत होता. त्याच्या आधीच्या रविवारी, १५ तारखेला, मी हॉटस्पॉट पुन्हा सुचवला होता. या वेळी नीट नाव, एकच खूण, खूण काठाच्या साधारण मध्यावर, आणि तिच्यावर चाळीसहून जास्त याद्या. वाटेवर कुणाचंही कुंपण नाही, कुणालाही येता येतं, हेही बघितलं होतं; खासगी आवारातली जागा सुचवू नये. १३ ऑक्टोबरला यादी पाठवताना नकाशावरची खूण बदललेली दिसली. चार आठवडे लागले. मग माझी खासगी जागा त्या हॉटस्पॉटमध्ये मिसळली आणि जुन्या सगळ्या याद्या तिथं गेल्या. मी काकूंना रात्री साडेदहाला फोन केला. त्या झोपल्या होत्या. म्हणाल्या, "झालं का? बरं झालं. उद्या सांग नीट."

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. दुर्बीण सात हजार आठशे, पक्ष्यांचं पुस्तक सातशे, चिखलात चालतील असे बूट चौदाशे, वह्या-पेन्सिली शंभर-सव्वाशे. कवडीपाटचं पेट्रोल वेगळं. ई-बर्डला पैसे लागत नाहीत. दुर्बीण पहिले दोन महिने मागून आणा, मग ठरवा.

२७ ऑक्टोबरला बावन्नावा रविवार झाला. सत्तेचाळीस याद्या, सत्त्याऐंशी जाती. पहिल्या दिवशी ओळखता न आलेल्या चारांपैकी तीन आता नक्की कळतात: मोठा धोबी, चिरक आणि राखी वटवट्या. चौथा काय होता ते वहीतल्या टिपणावरून सांगता येत नाही. तेव्हा मी फक्त 'छोटा, भुरा' एवढंच लिहिलं होतं.

नोव्हेंबरात हॉटस्पॉटचं पान सहज उघडलं तर तिथं माझी नसलेली एक यादी होती. शुक्रवारची, सकाळी सातची, एका अनोळखी माणसाची. एकतीस जाती. त्यात नीलकंठी होती, जी आम्हाला वर्षभरात एकदाही दिसली नाही. शेजारी टिपण होतं: पाणकणसांच्या बुडाशी, चिखलात, एक नर. म्हणजे पुरात गेलेलं बेट परत धरायला लागलं होतं आणि आम्ही दर रविवारी त्याच्या शेजारून पुढं निघून जात होतो. १० तारखेला काकूंनी घरून बसायला दोन पाट आणले. पाणकणसांच्या समोर पंचवीस मिनिटं बसलो, एक शब्द न बोलता. नीलकंठी आली नाही. लाजरी पाणकोंबडी आली, १.